डॉक्टर, एक विचारू? : मायटोकाँड्रियाची सुई आणि साडेचार लाख

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी दोन ओळी लिहून गेले होते. बोस्टनच्या बालरुग्णालयात काही मुलांच्या थकलेल्या हृदयात त्यांच्याच पोटाच्या स्नायूतून काढलेल्या मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले सूक्ष्म भाग, मराठीत तंतुकणिका) टोचल्या गेल्या, आणि मेंदू व मज्जारज्जूच्या दुखापतीसाठीही आता तोच विचार चालू आहे, एवढंच. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की संपादकांनी या महिन्याचं सदर त्यालाच देऊन टाकलं. पत्रं बहुतेक घरच्या माणसांची आहेत. भाऊ, आई, बायको. पेशंट स्वतः क्वचितच लिहितो. त्याला यातलं बरंच आधीच कळून चुकलेलं असतं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नव्या वाचकांसाठी : मी मिरजेत पुनर्वसनाची डॉक्टर आहे. सर्जनचं काम संपतं तिथून माझं सुरू होतं, आणि ते बहुधा संपत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३१) दोन वर्षांपूर्वी नारळाच्या झाडावरून पडला. डी-१० चा मणका मोडला, ऑपरेशन करून रॉड टाकले. कमरेखाली हालचाल नाही, चिमटा काढला तरी कळत नाही. एका मोठ्या शहरातल्या सेंटरने ‘मायटोकाँड्रिया थेरपी’ची तीन इंजेक्शनं सांगितली आहेत, दीड लाखाला एक. औषध परदेशातून कोल्ड बॉक्समधून येतं म्हणतात. रस्त्याला लागून अकरा गुंठे आहेत. गिऱ्हाईक तयार आहे. काय करू?
– मोठा भाऊ, कराड तालुका

उत्तर : जमीन विकू नका. गिऱ्हाइकाला आधी नाही म्हणून या, मग पुढचं वाचा.

तुम्ही पाठवलेलं पत्रक मी नीट वाचलं. गुळगुळीत कागद, निळी-जांभळी चित्रं. बोस्टनची मुलं, प्रयोगशाळेतले उंदीर आणि स्टेम सेल हे सगळं एकाच परिच्छेदात कोंबलंय. नाही ते एवढंच : चाचणीचा नोंदणी क्रमांक, नैतिकता समितीचं नाव, आणि तुमच्या भावासारख्या, म्हणजे जुनी आणि पूर्ण इजा (खाली हालचालही नाही, संवेदनाही नाही) असलेल्या एका तरी माणसाचा निकाल.

आता कोल्ड बॉक्सचं बघू. बोस्टनला डॉ. जेम्स मॅककली आणि हृदयशल्यचिकित्सक डॉ. सीताराम इमानी यांनी २०१७ मध्ये पाच मुलांचा अहवाल छापला. मुलं एक्मोवर, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम बाहेरून करणाऱ्या यंत्रावर होती. पद्धत अशी : ऑपरेशनची जखम उघडी असतानाच पोटाच्या सरळ स्नायूतून छोट्या गोल पंचने दोन तुकडे काढायचे. सहा मिलिमीटरचा पंच, म्हणजे तुकडा वाटाण्याएवढाच. तो तिथेच थंड द्रावणात दळायचा, बारीक जाळ्यांतून गाळायचा आणि अर्ध्या तासाच्या आत वेगळ्या झालेल्या मायटोकाँड्रिया सुईने हृदयाच्या स्नायूत सोडायच्या. पाचांपैकी चार मुलं यंत्रावरून निघाली. एवढी घाई का, तर पेशीबाहेर काढलेल्या मायटोकाँड्रिया बर्फावर ठेवल्या तरी त्यांचा जोर झपाट्याने ओसरतो. त्या माणसाच्या स्वतःच्या असतात आणि शेजारच्याच टेबलावर तयार होतात. ज्यांनी ही पद्धत बसवली ते पेशंटच्या अंगातून काढून तासाभरात परत देतात. मग विमानातून, कस्टम्समधून, टेम्पोतून येणाऱ्या त्या डब्यात नेमकं काय असेल? सेंटरवाल्यांना विचारून बघा. मला उत्तराची उत्सुकता आहे.

आणि डब्यातला माल अगदी अस्सल निघाला तरी तुमच्या भावाला त्याचा उपयोग नाही. या उपचारामागचा विचार पहिल्या काही तासांचा आहे. मार लागल्यावर मरणाच्या दारात असलेल्या पेशींना ऊर्जा पुरवून तगवायचं, असा तो विचार. दोन वर्षांनी त्या जागी मरणाच्या दारातली पेशी नसते. असतो व्रण, आणि बऱ्याचदा पाण्याने भरलेली पोकळी. तुटलेल्या तंतूंचं टोक वर आहे, त्यांनी जायचं ते ठिकाण खाली आहे, मधलं अंतर ऊर्जेच्या सुईने भरत नाही.

पैशांबद्दल एक नियम लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ज्याची चाचणी चालू आहे ते औषध पेशंटला विकायचं नसतं. खरी चाचणी असेल तर ती सरकारच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर, सीटीआरआयवर नोंदलेली असते. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. चाचणीमुळे इजा झाली तर तिचा खर्च चाचणी घेणाऱ्याने करायचा असतो. स्टेम सेलच्या (मूळपेशींच्या) बाबतीत आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की मान्यता मिळालेले थोडे रक्ताचे आजार सोडले तर चाचणीबाहेर ते देणं अनैतिक आहे. तिथला धंदा अडचणीत आला तशा काही पाट्या बदलल्या. काल ‘स्टेम सेल’ होतं, आज ‘मायटोकाँड्रिया’ आहे, खुर्च्या त्याच.

तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यात एक गोष्ट मला सापडली नाही : भावाच्या किडनीची सोनोग्राफी शेवटची कधी झाली? लघवी कशी काढता? कायमची नळी आहे, की दर चार-सहा तासांनी स्वच्छ नळी घालून काढता? मणक्याच्या पेशंटचं आयुष्य पाय ठरवत नाहीत, मूत्राशय आणि कातडी ठरवतात. त्याला हातातला आरसा घेऊन द्या, दांडीचा, सलूनमध्ये असतो तसा. रोज सकाळी त्याने स्वतः माकडहाड, दोन्ही बैठका आणि टाचा बघायच्या. लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही तर त्या बाजूवर झोपणं-बसणं बंद, डाग जाईपर्यंत. खुर्चीत असताना हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, पंधरा-वीस मिनिटांनी, घड्याळ लावून. चांगली गादी, मापाची व्हीलचेअर, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आणि तो पूर्वी काय काम करायचा त्याच्या जवळचं एखादं बसून करायचं काम. खर्च करायचाच असेल तर इथे करा. हाजीअलीचं अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थान सरकारी आहे. तिथे एकदा दाखवून आणा, केसपेपर आणि जुने एमआरआय घेऊन.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. पुस्तकात तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र एवढंच दिलंय. डोकं आपटलं तर या ऊर्जाकेंद्रांचं काय होतं? आणि मेंदूलाच एवढा फटका का बसतो?
– विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : मला असे प्रश्न आवडतात, म्हणून उत्तर लांबणार.

मेंदू वजनाने शरीराचा साधारण २ टक्के, आणि विश्रांतीतही ऑक्सिजन खातो २० टक्क्यांच्या आसपास. वर साठवण जवळजवळ शून्य. यकृताकडे ग्लायकोजेनचं गोदाम असतं, स्नायूकडे असतं. चेतापेशीला त्या त्या मिनिटाचं त्या त्या मिनिटाला लागतं. त्यातून तिचा आकार. कमरेतल्या मज्जारज्जूतून निघून पायाच्या पंजापर्यंत जाणारा तंतू एकाच पेशीचा असतो, उंच माणसात मीटरभर लांब. त्याच्या टोकापर्यंत मायटोकाँड्रिया प्रथिनांच्या रुळांवरून वाहून न्याव्या लागतात. म्हणजे मागणी प्रचंड, साठा नाही, पुरवठ्याची वाट लांब.

आता मार बसतो. पहिली इजा क्षणात होऊन जाते : पेशी चिरडतात, तंतू ताणतात. तिच्यावर जगात इलाज नाही. हेल्मेट हाच एक. पण त्यानंतर तास, दिवस चालणारी दुसरी इजा असते आणि आम्हा डॉक्टरांची सगळी धडपड तिच्याशी. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशींचे निरोप नेणारं रसायन, सांडतं. ते शेजारच्या धडधाकट पेशींचे दरवाजे उघडतं आणि कॅल्शियम आत घुसतं. पेशीबाहेर कॅल्शियमचं प्रमाण आतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट असतं, हा आकडा लक्षात ठेव, पुढच्या उत्तरात पुन्हा लागेल. घुसलेलं कॅल्शियम मायटोकाँड्रिया गिळून घेतात. मर्यादेपर्यंत हे चांगलंच, कारण पेशी वाचते. मर्यादा ओलांडली की त्यांच्या आतल्या पडद्यात एक मोठं छिद्र उघडतं. पाणी शिरतं, त्या फुगतात, बाहेरचा पडदा फाटतो. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवणं थांबतंच, उलट तेच यंत्र उलटं फिरून असलेलं एटीपी खायला लागतं. आणि सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं. हे नाव तुझ्या पुस्तकात श्वसनाच्या धड्यात असेल, इलेक्ट्रॉनची ने-आण करणारं निरुपद्रवी प्रथिन म्हणून. तेच मायटोकाँड्रियाच्या बाहेर पडलं की पेशी स्वतःला संपवायला घेते.

ते छिद्र उघडायला सायक्लोफिलिन-डी नावाचं प्रथिन मदत करतं. आणि त्याला धरून ठेवणारं औषध आपल्याकडे कधीपासून आहे : सायक्लोस्पोरिन. किडनी बदललेल्या कुणाच्या घरी ती बाटली किंवा कॅप्सूल असेल. नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीतून ते आलं. १९९९ मध्ये अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या शेफ आणि सलिव्हन यांनी डोक्याला मार दिलेल्या उंदरांना ते दिलं आणि मेंदूचं नुकसान ठळकपणे कमी झालेलं दाखवलं. माणसांत छोट्या चाचण्या झाल्या. फायदा सिद्ध झाला नाही. हृदयविकाराच्या झटक्यात याच छिद्राचा हिशेब मांडून ९७० पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला, तिथेही फायदा नाही. छिद्र खरं आहे, कॅल्शियम खरं आहे. औषध वेळेवर आणि पुरेसं त्या जागी पोचवणं, तिथे घोडं अडतं.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षक. कुणाच्या तरी मायटोकाँड्रिया बाहेरून टोचायच्या आणि त्या चेतापेशीत शिरून कामाला लागणार, हे मला पटत नाही. पेशीचा पडदा काय धर्मशाळा आहे? यात खरं किती आणि हवा किती?
– सांगोला

उत्तर : सर, तुमच्यासारखीच शंका घेणारे नावाजलेले लोक आहेत आणि त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. वर मुलीला सांगितलेला दहा हजार पटीचा आकडा घ्या. मायटोकाँड्रियाचा सगळा जन्म पेशीच्या आत, अत्यल्प कॅल्शियममध्ये गेलेला. तिला रक्तात किंवा पेशींच्या मधल्या द्रवात सोडणं म्हणजे गोड्या पाण्यातला मासा समुद्रात टाकणं. फुगून फुटायची सगळी सोय तिथे आहे. जर्मनीतल्या हृदयसंशोधकांनी हा आक्षेप छापील स्वरूपात घेतलाय आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालंय असं मी तरी म्हणणार नाही.

दुसऱ्या बाजूला, पेशी एकमेकींना मायटोकाँड्रिया देतात हे मात्र दिसलेलं आहे. २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये हायाकावा आणि एंग लो यांच्या गटाने दाखवलं की पक्षाघातानंतर उंदरांच्या मेंदूत तारापेशी, म्हणजे ॲस्ट्रोसाइट, मायटोकाँड्रिया बाहेर सोडतात आणि शेजारच्या संकटातल्या चेतापेशी त्या घेतात. सीडी-३८ नावाचं प्रथिन अडवलं की ही देवघेव मंदावते आणि उंदराची तब्येत अधिक बिघडते. म्हणजे धर्मशाळा नसली तरी ओळखीच्या पाहुण्याला दार उघडतं.

मज्जारज्जूवरचं जे काम मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं ते केंटकीचंच. जेना गोलिह्यू, पॅट्रिक सलिव्हन आणि अलेक्झांडर राबचेव्हस्की. राबचेव्हस्की स्वतः व्हीलचेअर वापरतात, म्हणजे या विषयात त्यांना खोटी आशा परवडणारी नाही. २०१८ च्या त्यांच्या प्रयोगात उंदरांच्या कमरेच्या मज्जारज्जूवर मोजून आघात केला आणि लगेच मायटोकाँड्रिया बारीक सुईने टोचल्या. काही उंदरांना पायाच्या स्नायूतून काढलेल्या, काहींना प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतल्या. मात्रा ५०, १०० आणि १५० मायक्रोग्रॅम. चोवीस तासांनी बघितलं तर टोचलेल्या भागाची ऊर्जानिर्मिती चांगली टिकलेली, आणि मात्रा वाढवली तसा परिणाम वाढलेला. इथपर्यंत टाळ्या. मग त्यांनी चमकणारी खूण लावलेल्या मायटोकाँड्रिया कुठे गेल्या ते शोधलं. रक्तवाहिन्यांच्या पेशींत सापडल्या, सफाई करणाऱ्या पेशींत सापडल्या, आधारपेशींत सापडल्या. चेतापेशींत नाही. आणि सहा आठवड्यांनी उंदरांची चाल बघितली तर टोचलेले आणि न टोचलेले सारखेच.

हे त्यांनी छापलं, सर. लपवलं नाही. पत्रकं छापणारे याच प्रयोगातलं पहिलं वाक्य उचलतात आणि शेवटचं सोडतात.

माणसांत सध्या मजल कुठवर, तर सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. मेलनी वॉकर यांच्या गटाने पक्षाघाताच्या मोजक्या पेशंटवर सुरक्षिततेची पहिली चाचणी केली. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी नळीने ओढून काढतात तेव्हा तिथेच, पेशंटच्या स्वतःच्या स्नायूतून काढलेल्या मायटोकाँड्रिया त्याच नळीने सोडल्या. प्रश्न ‘बरं वाटतं का’ हा नव्हताच. ‘काही बिघडत तर नाही ना’ हा होता. अपघातातल्या मेंदूसाठी किंवा मज्जारज्जूसाठी मान्यता मिळालेली मायटोकाँड्रियाची सुई जगात कुठेही नाही.

उंदरांवरून माणसांवर उडी मारण्याबद्दल आमचा धंदा पोळलेला आहे. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनने डोक्याच्या दुखापतीत उंदरांमध्ये किती वर्षं सुंदर निकाल दिले. २०१४ मध्ये माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या, एकीत ८८२ आणि दुसरीत १,१९५ पेशंट. दोन्ही सपशेल आपटल्या. उंदराचा अपघात सकाळी दहाला, मोजलेल्या जोराने, भूल देऊन होतो. आपला पेशंट रात्री दीडला ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीला मागून धडकतो आणि चार तासांनी आमच्याकडे येतो.

प्रश्न : डॉक्टरताई, माझा मुलगा बावीस वर्षांचा. मोटरसायकलवरून पडला, डोक्याला मार, पाच महिने झाले. डोळे उघडतो, माझ्याकडे बघतो, बोलत नाही. मी वाचलं की या मायटोकाँड्रिया फक्त आईकडूनच येतात. मग माझ्या घेऊन त्याला देता येतील का? माझी पूर्ण तयारी आहे.
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. मायटोकाँड्रियाचे स्वतःचे ३७ जनुक असतात आणि ते आईकडूनच येतात. तुमच्या आणि मुलाच्या मायटोकाँड्रियात त्या बाबतीत फरक नसतो. तुमच्या आईच्या, भावाच्या, म्हणजे त्याच्या मामाच्याही त्याच.

आणि आईच्या मायटोकाँड्रिया मुलाला दिल्याचं उदाहरणही आहे. इस्रायलमध्ये पीअर्सन सिंड्रोम आणि तशाच आजाराच्या सहा मुलांच्या रक्ताच्या मूळपेशी काढून, त्यांत आईच्या रक्तपेशींतून घेतलेल्या मायटोकाँड्रिया भरून परत दिल्या. २०२२ मध्ये त्याचा अहवाल आला. पण त्या मुलांच्या मायटोकाँड्रियाचे जनुकच जन्मापासून तुटलेले होते. तुमच्या मुलाच्या मायटोकाँड्रियात दोष नव्हताच. त्या तुमच्यासारख्याच निरोगी आहेत, नुकसान माराने झालं. म्हणून तुमच्या देऊन काही बदलणार नाही. इंग्लंडमध्ये ‘तीन पालकांची बाळं’ जन्मल्याचं वाचलं असेल तर तेही वेगळं, तिथे गर्भ तयार होतानाच काम होतं.

मी तुम्हाला या प्रश्नावर सोडून देणार नाही, कारण पाच महिने म्हणजे डोक्याच्या दुखापतीत दार बंद झालेलं नसतं. मणक्याच्या पूर्ण इजेत आणि यात हाच मोठा फरक. तुमच्या न्यूरोसर्जनना या चार गोष्टी विचारा, चिठ्ठीवर लिहून न्या. एक, मेंदूत पाणी साठलंय का? सुधारणा थबकली तर सीटी स्कॅन पुन्हा करायचा असतो, आणि साठलेलं पाणी काढून दिल्यावर माणूस जागा झाल्याचं मी पाहिलंय. दोन, फिटच्या आणि झोपेच्या गोळ्यांची मात्रा आता कमी करता येईल का? तीन, पिट्यूटरीचे, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीचे, हार्मोन तपासलेत का? डोक्याला मार लागल्यावर ते कमी पडतात आणि माणूस मलूल राहतो. चार, नजरेला न दिसणारी फिट चालू नाही ना, त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख.

घरी एकावेळी एकानेच बोलायचं, टीव्ही बंद ठेवून. प्रश्न विचारून उत्तरासाठी तीस-चाळीस सेकंद थांबायचं. आपण घाईघाईने दुसरा प्रश्न विचारतो आणि पहिल्याचं उत्तर तोंडाशी आलेलं परत जातं. पापणी, बोट, हुंकार, जे काही येईल ते वहीत वेळेसह लिहा. ती वही डॉक्टरांना माझ्या पत्रापेक्षा जास्त सांगेल.

प्रश्न : मला तीन महिन्यांपूर्वी डोक्याला मार लागून दोन दिवस ॲडमिट होतो. आता बरा आहे, थोडं डोकं दुखतं. सिटिकोलीन चालू आहे. जिमचा मित्र म्हणतो क्रिएटिन आणि को-क्यू-टेन घे, मायटोकाँड्रियाला ताकद येते. घेऊ का?
– हडपसर

उत्तर : सिटिकोलीन आपल्याकडे डोक्याच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर छापून आल्यासारखं असतं. अमेरिकेत १,२१३ पेशंटना ९० दिवस देऊन बघितलं, २०१२ मध्ये निकाल आला : औषध नसलेली दिखाऊ गोळी आणि खरं औषध, दोन्हींत फरक काही नाही. डॉक्टरांना विचारून बंद करा, महिन्याचे पैसे वाचतील.

को-क्यू-टेन : डोक्याच्या माराला उपयोग होतो असा माणसांतला भक्कम पुरावा नाही.

क्रिएटिनचं मात्र मित्र अगदीच हवेत बोलत नाहीये. २००६ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर डोक्याला जबर मार लागलेल्या ३९ मुलांपैकी काहींना सहा महिने क्रिएटिन दिलं, त्यांची प्रगती बरी दिसली. पण कोणाला दिलंय हे सगळ्यांना माहीत होतं आणि मुलं मोजकी. मज्जारज्जूच्या बाबतीत २०२० मध्ये शेंग आणि शू यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की तंतूंमध्ये मायटोकाँड्रियाची वाहतूक मोकळी केली किंवा क्रिएटिन दिलं तर तुटलेले तंतू थोडे अधिक वाढतात. थोडे. यावरून जिमच्या डब्याला औषध म्हणता येत नाही. किडनी ठीक असेल तर व्यायामासाठी घ्यायला माझी हरकत नाही. डोकेदुखीसाठी घेऊ नका. तीन महिन्यांनी उरलेली डोकेदुखी बहुतेकदा मानेची, झोपेची किंवा रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचीच असते.

प्रश्न : लाल प्रकाशाचं हेल्मेट ऑनलाइन मिळतं, मायटोकाँड्रिया जाग्या होतात म्हणे. वडिलांना पक्षाघात झालाय.
– नांदेड

उत्तर : तत्त्व आहे : त्या रंगाचा आणि त्यापलीकडचा प्रकाश मायटोकाँड्रियातलं एक एन्झाइम शोषून घेतं. पण पक्षाघातात डोक्यावर लेसर लावून तीन चाचण्या झाल्या आणि तिसरी, नेस्ट-३, फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून मध्येच थांबवली. त्या पैशांत फिजिओ घरी येईल.

प्रश्न : मी १०८ रुग्णवाहिकेवर काम करतो. ही सगळी औषधं निघतील तेव्हा निघतील. आत्ता, रस्त्यावर, आम्ही मायटोकाँड्रियासाठी काय करू शकतो?
– नाव नको

उत्तर : या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. मायटोकाँड्रियाला लागतो ऑक्सिजन, आणि तो पोचवायला लागतो रक्तदाब. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा वरचा बीपी ९०च्या खाली एकदा जरी गेला किंवा ऑक्सिजन पडला तर मृत्यूचं प्रमाण ठळक वाढतं, हे १९९३ पासून माहीत आहे. म्हणजे तुमच्या गाडीतला ऑक्सिजन मास्क आणि सलाइन हाच आजच्या घडीला मायटोकाँड्रियाचा खरा उपचार आहे. पोट, मांडी, टाळू यांतून वाहणारं रक्त दाबून धरा. तीन तासांच्या आत दवाखान्यात पोचलेल्याला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा, म्हणजे रक्तस्राव आवरणाऱ्या औषधाचा, विचार होतो. २०१९ च्या क्रॅश-३ चाचणीत सौम्य आणि मध्यम इजेत त्याने काही जीव वाचलेले दिसले. म्हणून मार लागल्याची वेळ कागदावर लिहून आणा. ‘संध्याकाळी’ असं लिहू नका.

स्टिरॉइड कुणी सांगितलं तरी डोक्याच्या माराला द्यायचं नाही. २००४ च्या क्रॅश चाचणीत १०,००८ पेशंट होते आणि स्टिरॉइड मिळालेल्यांत मृत्यू जास्त झाले.

मणक्याचा संशय असेल तर लोकांना आवरणं हेच तुमचं निम्मं काम. दोघं खांद्याला, दोघं पायाला धरून रिक्षात घालतात. तिथे अपुरी इजा पूर्ण होते. मान धरणारा हुकूम देईल, बाकीचे एकदमच ओंडका फिरवतात तसं वळवतील, मग बोर्डवर. आणि जिथे मणक्याचं ऑपरेशन होतं तिथेच थेट न्या. दाब चोवीस तासांच्या आत काढलेला बरा. मधल्या तीन दवाखान्यांत ‘प्राथमिक उपचार’ घेत फिरलेले पेशंट माझ्याकडे जास्त येतात.

प्रश्न : मुलगा (१४) कबड्डीत डोक्यावर आपटला, डॉक्टर म्हणाले कन्कशन (मेंदूला बसलेला सौम्य धक्का) आहे, काळजी नको. मोबाइलच्या लहरींनी मेंदूतल्या मायटोकाँड्रिया मरतात असं ऐकून आम्ही फोन काढून घेतला. घरात रोज भांडण. किती दिवस ठेवू?
– वाई

उत्तर : लहरींनी मरतात याला आधार नाही. पण फोन काढून घेतलात ते वेगळ्या कारणाने बरोबर ठरतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १२ ते २५ वयाच्या १२५ जणांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये छापली. ज्यांनी पहिले ४८ तास स्क्रीन बघितला नाही ते साधारण साडेतीन दिवसांत बरे झाले, बघणाऱ्यांना आठ दिवस लागले. तेव्हा दोन दिवस. तुमच्या पत्रावरची तारीख बघता ते कधीच संपलेत, फोन देऊन टाका. डोकं दुखायला लागलं की त्यानेच बाजूला ठेवायचा, असं ठरवून द्या. कबड्डी मात्र डॉक्टर लेखी हो म्हणेपर्यंत नाही. पहिला मार पुरता भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार महागात पडतो. आणि उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.